मुलांनाहि संधिवात होतो

संधिवात म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. पौष महिन्याची सकाळ, ओसरीवर आलेलें कोंवळें ऊन, त्या उन्हांत पाय पसरून बसलेली कोणी आजी, आणि तिच्या गुडघ्यांस तेल चोळणारी सून. हा रोग म्हणजे वार्धक्याचा सोबती, अशी आपली समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तीन वर्षांच्या मुलास संधिवात झाला आहे असें कोणीं सांगितलें, तर ऐकणारा प्रथम हंसतो आणि मग सांगणाऱ्याच्या शहाणपणाविषयीं शंका घेतो. परंतु हा रोग मुलांस होतो, तो आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलांसहि होतो, आणि वेळीं ओळखला तर त्यावर उपाय आहे, हें आम्हांस गेल्या कांहीं वर्षांत घरच्याच उदाहरणावरून कळलें. ज्या घरांत लहान मुलें आणि वडीलधारीं माणसें एकत्र नांदतात, त्या घरांतील वाचकांपुढें तें ठेवावें म्हणून हा लेख.

आमचें घर मेहकरास, शार्ङ्गधर बालाजीच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर. शाळेंतील नोकरींतून आम्ही निवृत्त झालों त्याला आतां बरींच वर्षें लोटलीं. घरांत आम्ही, आमचें कुटुंब, वडील बंधु (त्यांस सर्व मंडळी दादा म्हणतात), दोन चिरंजीव, दोन सुना आणि चार नातवंडें असा परिवार आहे. धाकट्या चिरंजिवांची कन्या २०२२ च्या दसऱ्याच्या सुमारास तीन वर्षांची होती. एरवीं सर्वांच्या आधीं उठून अंगणांत धांवणारी ही पोर सकाळीं उठल्यावर "आबा, कडेवर" म्हणून हात पुढें करूं लागली. कडेवर घेतलें नाहीं तर डावा पाय ओढीत चाले. दहा अकरा वाजेपर्यंत पाय मोकळा होई, आणि दुपारीं ती इतर मुलांबरोबर खेळतांना पाहिली तर सकाळची तीच मुलगी ती, यावर विश्वास बसूं नये.

एकत्र कुटुंबांत एका लक्षणाचीं दहा कारणें सांपडतात. एकीच्या मतें ती जिन्यावरून पडली असावी. दुसरीच्या मतें धाकट्या भावाचा जन्म झाल्यापासून लाड कमी झाले, म्हणून हें सोंग. कोणी म्हणालें वाढीच्या कळा, कोणी म्हणालें दृष्ट. तेल लावून झालें, मिठाच्या पुरचुंडीनें शेकून झालें. परंतु आमच्या धाकट्या सूनबाईंची नजर बारीक. एके दिवशीं न्हाऊं घालतांना त्यांनीं पाहिलें कीं पाटावर पाय पसरून बसविलें असतां मुलीचा उजवा गुडघा पाटास टेकतो आणि डावा टेकत नाहीं. त्याच्याखालून हात सहज आरपार जातो. दोन्ही गुडघे हातांनीं चांचपले, तेव्हां डावा अधिक गरम आणि भरलेला लागला. नवल असें कीं दाबलें तरी मुलगी फारशी ओरडली नाहीं. लहान मुलांच्या संधिवाताची हीच फसवी खूण आहे. मोठें माणूस दुखतें म्हणून सांगतें; मूल सांगत नाहीं, तें तो सांधा वापरणें सोडून देतें. चालणारें मूल कडेवर मागतें, मांडी घालणारें मूल पाय पसरून बसतें, आणि आपण त्यास आळस म्हणतों.

ज्यानें संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलें, त्याच्या मनांत अशा वेळीं शब्द आधीं येतात. 'संधि' हा शब्द आम्हीं किती वर्षें फळ्यावर लिहिला याची गणती नाहीं. दोन वर्ण निकट आले कीं त्यांचा संधि होतो. दोन अस्थि जेथें भेटतात तोहि संधिच. माधवनिदानांत 'आमवात' या रोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे. सुश्रुतसंहितेंत वातव्याधींच्या वर्णनांत 'क्रोष्टुकशीर्ष' नांवाचा एक विकार सांगितला आहे. क्रोष्टु म्हणजे कोल्हा. गुडघा मध्यें असा सुजतो कीं तो कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो, अशी ती उपमा. नातीची मांडी कांहीं आठवड्यांत रोडावली आणि गुडघा तेवढा फुगीर राहिला, तेव्हां त्या जुन्या वैद्यांनीं किती बारकाईनें पाहिलें होतें याची आम्हांस साक्ष पटली. तो विकार आणि हा विकार एकच, असें म्हणण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु सुजलेला गुडघा हें कांहीं नव्या युगाचें दुखणें नव्हे, एवढें त्यावरून म्हणतां येईल. पाश्चात्य वैद्यकांत मुलांच्या या रोगाचें पहिलें व्यवस्थित वर्णन १८९७ सालीं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयांत काम करणारे डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनीं केलें. त्यांनीं २२ मुलें तपासून दाखवून दिलें कीं मुलांचा संधिवात हा मोठ्यांच्या संधिवाताची लहान प्रत नसून त्याची रीत निराळी आहे.

आज डॉक्टर लोक या रोगाची व्याख्या अशी करतात: वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आंत सुरू झालेला, निदान सहा आठवडे टिकलेला आणि ज्याचें दुसरें कारण सांपडत नाहीं असा सांध्यांचा दाह. शरीराचें रक्षण करण्यासाठीं जी व्यवस्था असते, तीच कांहीं कारणानें बिघडून सांध्याच्या आंतील नाजूक अस्तरावर उलटते. तें अस्तर सुजतें, त्यांत पाणी सांचतें आणि सांधा आंखडतो. दहीं, केळें, भात खाल्ल्यानें तो होत नाहीं. आईच्या बाळंतपणांत पथ्य चुकल्यानेंहि होत नाहीं. सुनेच्या माथीं मारण्यास अशीं कारणें फार सोयीचीं असतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

या रोगाचे प्रकार आहेत. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरले तर तो एक प्रकार. हा बहुधा लहान मुलींत, आणि बहुधा गुडघ्यांत दिसतो. पांच किंवा अधिक सांधे धरले तर दुसरा. रोज चढउतार होणारा ताप आणि अंगावर पुरळ यांसह येणारा तिसरा, आणि तो अधिक गंभीर. आपल्या देशांत थोड्या मोठ्या मुलग्यांत आणखी एक प्रकार बराच दिसतो. त्यांत टांचा, घोटे आणि कंबरेकडील सांधे दुखतात. आमच्या नातीस झाला तो पहिला.

परंतु हें निदान होईपर्यंत चार महिने गेले, आणि तें कसें गेले तेंहि सांगणें अवश्य आहे. एका डॉक्टरांनीं रक्त तपासून घशाच्या जंतूंविषयींचा एक आंकडा वाढलेला आहे असें सांगितलें आणि दर २१ दिवसांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन सुरू केलें. तीन इंजेक्शनें झालीं. गुडघा होता तसाच. घसा दुखल्यानंतर येणारा जो सांध्यांचा ताप असतो, तो हृदयास धोका करतो आणि त्यावर पेनिसिलिनच द्यावें लागतें, हें खरें. परंतु तो ताप एका सांध्यांतून दुसऱ्यांत उड्या मारीत जातो आणि त्या त्या सांध्यांतून थोड्या दिवसांत निघूनहि जातो. महिनेच्या महिने एकाच गुडघ्यांत ठाण मांडून बसणें ही त्याची चाल नव्हे. रक्तांतील तो आंकडा पुष्कळ निरोगी मुलांतहि वाढलेला असतो. केवळ त्याच्यावरून निदान होत नाहीं. त्याचप्रमाणें मोठ्यांच्या संधिवातासाठीं करतात ती रक्ताची तपासणी मुलांत बहुधा निर्दोष येते, आणि 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून घरचीं माणसें निश्चिंत होतात. या रोगाची अशी एक अचूक परीक्षा नाहीं. डॉक्टर हातानें सांधा पाहतात, दिवस मोजतात, आणि एकेक दुसरें कारण वगळीत जातात. आपल्याकडे एकच सांधा सुजला असतां क्षय नाहीं ना, सांध्यांत पू नाहीं ना, आणि मुलाचें वजन उतरत असेल, रात्रीं हाडें दुखत असतील तर रक्ताचा कर्करोग नाहीं ना, हें आधीं पाहावेंच लागतें.

अखेर २०२३ च्या फेब्रुवारींत चिरंजीव आणि सूनबाई मुलीस घेऊन पुण्यास गेले. मुलांच्या संधिवाताचे खास जाणकार आपल्या राज्यांत मुख्यतः मुंबई-पुण्याकडेच. तेथील डॉक्टरांनीं तासभर मुलीस पाहिलें, कागद पाहिले, आणि सांगितलें कीं गुडघ्यांत स्टेरॉइडचें इंजेक्शन द्यावें. विचार करून कळवा.

'स्टेरॉइड' हा शब्द घरांत आला आणि रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर सभा भरली. दादांचा विरोध सर्वांत मोठा, आणि तो निराधार नव्हता. त्यांच्या एका परिचितांनीं गुडघेदुखीसाठीं बाजारांतील कुणाकडून बिननांवाच्या पुड्या आणल्या होत्या. दोन दिवसांत गुडघा मोकळा, भूक उत्तम. वर्षभरांत चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, साखर वाढली, आणि साध्या धक्क्यानें कंबरेचें हाड मोडलें. त्या पुड्यांत स्टेरॉइड होतें असें पुढें कळलें. "तेंच विष तुम्ही पोरीच्या पायांत घालणार?" असें दादांनीं विचारलें. आमचें कुटुंब म्हणालें, "एवढ्याशा गुडघ्यांत सुई कशी खुपसतील? आणखी थोडें थांबूं, वय वाढलें कीं आपोआप जाईल." सर्वांचें बोलून झाल्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, ती सकाळीं उठल्यावर आतां रडत नाहीं. पाय दुमडलेला ठेवून तशीच पडून राहते. तिला वाटतें कीं सर्वांचा पाय असाच असतो. त्याचीच मला भीति वाटते." यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं.

आम्ही चिरंजिवांस म्हणालों, दादांची शंका आणि आईची शंका कागदावर लिहून घ्या, आणि डॉक्टरांस दूरध्वनि करून एकेक विचारा. डॉक्टरांनीं न कंटाळतां उत्तरें दिलीं. तीं येथें आमच्या शब्दांत देतों.

पहिली शंका स्टेरॉइडची. या औषधाचा इतिहासच दुधारी आहे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं सप्टेंबर १९४८ मध्यें संधिवातानें जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईस कॉर्टिझोन टोंचलें. कांहीं दिवसांतच ती हिंडूं फिरूं लागली. जगभर जयजयकार झाला, आणि १९५० सालीं हेंच, केंडॉल व राइखस्टाइन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तेंच औषध महिनेच्या महिने दिल्यावर चेहरा सुजणें, हाडें ठिसूळ होणें, मुलांची वाढ खुंटणें हे दोष दिसूं लागले. तेव्हां शहाण्या वैद्यांनीं विचार केला कीं दुखणें एका सांध्यांत असेल तर औषध सर्व शरीरास कां द्यावें? १९५१ मध्यें फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ हॉलंडर यांनीं हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यांत टोंचून गुण येतो असें प्रसिद्ध केलें. पुढें अधिक काळ टिकणारीं औषधें निघालीं. मुलांसाठीं आज जें सर्वांत पसंत करतात तें ट्रायॲम्सिनोलोन हेक्सासिटोनाइड. तें पाण्यांत फार सावकाश विरघळतें, म्हणून सांध्यांत दीर्घकाळ राहून काम करतें. तें न मिळाल्यास त्याचें भावंड ट्रायॲम्सिनोलोन ॲसिटोनाइड वापरतात. आमच्या भागांतील वाचकांस हा भेद समजण्यास संत्र्याची बाग पुरे. पाट फोडून सगळें वावर भिजविणें निराळें, आणि ठिबकच्या नळीनें एका झाडाच्या मुळाशीं पाणी देणें निराळें. पुडींतलें स्टेरॉइड रोज सर्व शरीरांत फिरतें, आणि त्याचें प्रमाण कोणासच ठाऊक नसतें. सांध्यांतलें स्टेरॉइड मुलाच्या वजनाप्रमाणें मोजून, एकदां, जेथें रोग आहे तेथें दिलें जातें. थोडेंसें रक्तांत उतरतें, हेंहि डॉक्टरांनीं लपविलें नाहीं. क्वचित् कांहीं दिवस चेहरा किंचित् भरतो व मग उतरतो.

दुसरी शंका थांबण्याची. येथें आम्हांस जें कळलें तें सर्वांत नवें होतें. गुडघ्याच्या वर आणि खालीं हाडांचीं टोंकें असतात, तेथूनच पाय लांब होतो. दाहामुळें त्या भागास रक्त अधिक जातें आणि दुखरा पाय निरोगी पायापेक्षां भरभर वाढतो! म्हणजे थांबल्यानें पाय बरा होत नाहीं, तो लांब होतो. मूल तो दुमडून चालतें, गुडघा आंखडतो, मांडीचे स्नायु वाळतात. १९९९ सालीं अमेरिकेंत यासंबंधीं एक तुलना प्रसिद्ध झाली. सिएटल येथें अशा लहान मुलांस लवकर इंजेक्शनें देत असत, उत्तर कॅरोलायनांत सहसा देत नसत. दोन्हींकडील मुलांच्या पायांचीं मापें ताडून पाहतां, लवकर इंजेक्शनें मिळालेल्या मुलांत दोन पायांच्या लांबींतील फरक स्पष्टपणें कमी आढळला. अमेरिकेंतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२१ मध्यें जी मार्गदर्शिका काढली, तींतहि थोडे सांधे धरलेल्या मुलांसाठीं सांध्यांतील इंजेक्शन हा आरंभींचाच उपाय म्हणून आग्रहानें सांगितला आहे.

हीं उत्तरें ऐकल्यावर दादा म्हणाले, "पुडी निराळी आणि हें निराळें, एवढें मला पटलें. पण मी हो म्हणणार नाहीं, नाहींहि म्हणणार नाहीं." आम्हीं घरांत एवढेंच सांगितलें कीं मुलगी सर्वांची असली तरी याचा निर्णय तिच्या आईबापांनीं करावा, आणि तो झाल्यावर त्यावर पुन्हां कोणीं बोलूं नये. निर्णय झाला, आणि मार्चमध्यें आम्हीहि बरोबर पुण्यास गेलों.

प्रत्यक्ष क्रिया इतकी लहान कीं तिच्या भीतींत आम्हीं घालविलेल्या रात्रीच तिच्यापेक्षां मोठ्या. सकाळीं मुलीस उपाशी ठेवलें होतें, कारण लहान मुलांस गुंगीचें औषध देऊन हें करतात. मोठीं, समजूतदार मुलें नुसती कातडी बधिर करूनहि करूं देतात. गुडघा जंतुनाशकानें स्वच्छ पुसून, वाटीच्या बाजूनें बारीक सुई आंत घालून आधीं सांचलेलें पाणी ओढून घेतात आणि त्याच सुईनें औषध सोडतात. आम्ही बाहेरच्या बांकावर बसलों होतों. हातांतील वर्तमानपत्राचें पान उलटण्याच्या आंत परिचारिकेनें दार उघडून "झालें" म्हणून सांगितलें. दुपारीं मुलगी दूधबिस्कीट मागूं लागली. दोन दिवस पायास विश्रांति द्यावी, आणि मग व्यायाम सुरू करावा, असें सांगून त्यांनीं निरोप दिला.

धोके नाहींत असें नाहीं, आणि ते आईबापांस ठाऊक असावे. औषधाचा थेंब कातडीखालीं ओघळला तर तेथें खळगा पडतो किंवा पांढुरका डाग येतो. लहान सांध्यांत हें अधिक घडतें, आणि बहुधा कालांतरानें भरून येतें. कधीं कधीं पहिले एक दोन दिवस सूज उलट वाढते. सांध्यांत जंतु शिरणें फार विरळ. परंतु ताप आला, गुडघा लाल झाला, दुखणें वाढत चाललें, तर तास न दवडतां डॉक्टरांस दाखवावें. म्हणूनच हें काम ज्याचा हात त्यांत बसलेला आहे त्याच्याकडूनच करवावें; 'येथेंच कोणीतरी टोंचून देतो' म्हणणाऱ्याकडून नव्हे.

आठवड्याभरांत गुडघ्याची ऊब गेली. तिसऱ्या आठवड्यांत सूनबाईंनीं तिला पुन्हां पाटावर बसविलें, आणि डावा गुडघा पाटास टेकला. आमच्या कुटुंबानें त्या दिवशीं देवापुढें साखर ठेवली. दादा कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं मुलीसाठीं तीनचाकी सायकल आणली, कारण मांडीचे स्नायु भरून येण्यास सायकल चांगली, असें व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितलें होतें. त्याच बाईंनीं घरच्या मायेचा एक प्रकार बंद करविला. रात्रीं पाय दुखूं नये म्हणून आजी मुलीच्या गुडघ्याखालीं मऊ उशी ठेवी. त्यानें बरें वाटतें, परंतु गुडघा दुमडलेल्याच स्थितींत आंखडतो. ती उशी आतां आजीच्या गुडघ्याखालीं असते.

येथें गोष्ट संपली असती तर लिहिण्यास सोपें झालें असतें. या इंजेक्शनाचा गुण बहुतेक मुलांस महिनोन् महिने पुरतो; कांहींस एकच पुरें होतें, कांहींस रोग पुन्हां उलटतो. आमच्या नातीस दहा महिन्यांनीं तोच गुडघा आणि बरोबर उजवा घोटा सुजला. दोन्हींत इंजेक्शनें झालीं, आणि या वेळीं डॉक्टरांनीं मेथोट्रेक्सेट नांवाचें औषध सुरू केलें, कारण वरचेवर इंजेक्शनेंच देत राहणें हा मार्ग नव्हे. हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज दिलें गेलें तर तें जिवावर बेतूं शकतें. आमच्यासारख्या घरांत, जेथें चार हात औषध देण्यास तयार असतात, तेथें ही चूक होण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून औषध देण्याचा अधिकार फक्त सूनबाईंचा, वार फक्त रविवार, आणि दिल्यावर भिंतीवरील दिनदर्शिकेंत त्या तारखेवर खूण, असा नियम केला आहे. ठराविक मुदतीनें रक्त तपासून घ्यावें लागतें, आणि कोणतीहि लस टोंचण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें लागतें.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस गुडघ्याहून अधिक महत्त्वाची वाटते. या रोगांत कांहीं मुलांच्या डोळ्यांच्या आंतहि दाह होतो. डोळा लाल होत नाहीं, दुखत नाहीं, पाणी येत नाहीं. मूल तक्रार करीत नाहीं, आणि दृष्टि हळूहळू जाते. रक्तांत एक विशिष्ट खूण आढळलेल्या लहान मुलींत हा धोका अधिक असतो, आणि आमच्या नातींत ती खूण आहे. नेत्रवैद्याजवळील स्लिट-लॅम्प नांवाच्या यंत्रानेंच हा दाह दिसतो. म्हणून दर तीन महिन्यांनीं तिला छत्रपति संभाजीनगरास नेऊन डोळे तपासून आणतों. आजवर डोळे निर्मळ आहेत. प्रत्येक खेपेस डॉक्टर यंत्रांत पाहत असतात तेवढा वेळ सूनबाई श्वास रोखून उभ्या असतात. सांधा बरा दिसतो म्हणून ही फेरी चुकवूं नये, असें आमचें हात जोडून सांगणें आहे.

आपल्या जिल्ह्यांत पूर्वींपेक्षां सोयी वाढल्या आहेत. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. बुलढाण्यासहि २०२४ मध्यें सुरू झालें. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाल्यापासून मेहकरच्या माणसास मोठें शहर कांहींसें जवळ आलें आहे. परंतु वाहन असो वा नसो, पहिलें पाऊल घरांतून आणि शाळेंतूनच पडलें पाहिजे. पुणे जिल्ह्यांतील भिगवण गांवीं १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा यांनीं घरोघर जाऊन सांधेदुखीच्या रोग्यांची पाहणी सुरू केली, तेव्हां खेड्यांतील माणूस हें दुखणें किती मुकाट्यानें सोसतो तें जगास कळलें. ती पाहणी मोठ्यांची होती. मुलांचें दुखणें तर त्याहून मुकें.

आमच्या व्यवसायबंधूंस म्हणून सांगावेंसें वाटतें. आपण मुलांस जमिनीवर बसवितों, हें येथें फार उपयोगी आहे. बाकावर बसणाऱ्या मुलाचा आंखडलेला गुडघा दिसत नाहीं. मांडी घालण्यास सांगितलेल्या मुलाचा चटकन् दिसतो. सकाळच्या प्रार्थनेस रोज मागें राहणारें, पहिल्या तासास जखडलेलें आणि मधल्या सुटींत धांवणारें, लेखणी धरतांना मनगट न वांकविणारें मूल आढळलें, तर त्यास शिक्षा करण्यापूर्वीं त्याचे दोन्ही गुडघे आणि दोन्ही मनगटें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. एक दुसऱ्याहून गरम किंवा भरलेलें वाटलें, आणि असें सहा आठवडे चाललें असेल, तर पालकांस बोलावून सांगावें. घरच्या आज्यांनीं न्हाऊं घालतांना हेंच पाहावें. त्यासाठीं यंत्र लागत नाहीं.

एकत्र कुटुंबांत मतें पुष्कळ आणि तीं देण्याची हौसहि पुष्कळ. परंतु त्याच कुटुंबांत पुण्यास जातांना धाकट्यास सांभाळणारी काकू असते, रजा संपलेल्या बापाच्या जागीं बसणारा आजोबा असतो, खर्चाची अर्धी बाजू न बोलतां उचलणारा थोरला भाऊ असतो. हें बळ आजाऱ्याच्या मागें उभें राहावें, त्याच्या वाटेंत आडवें येऊं नये, एवढें पाहिलें म्हणजे झालें. आमची नात आतां सहा वर्षांची आहे. पहिलींत जाते, रविवारीं औषध घेते, तोंड वेडेंवांकडें करते, आणि मांडी घालून बसते. तिचा रोग पुरता गेला असें डॉक्टर म्हणत नाहींत. आम्हीहि म्हणत नाहीं. येत्या महिन्यांत पुन्हां डोळे दाखवावयाचे आहेत.